सालगड्याची रजा

दर पाडव्याला आमच्या गांवांतील बहुतेक ओट्यांवर एकच काम चाललेलें दिसतें. मागील सालाचा हिशोब मिटवावयाचा, नव्या सालाची बोली करावयाची, आणि कांहीं रक्कम उचल देऊन गडी कायम करावयाचा. खानदेशांत हेंच काम आखाजीस होतें. या हिशोबांत उचल, वेळोवेळीं दिलेली ज्वारी, कपडा, वहाणा, दवाखान्यास भरलेले पैसे अशा अनेक बाबी असतात. पण त्यांपैकीं बहुतेकींवर फारसा वाद होत नाहीं. वाद होतो तो एकाच बाबीवर, आणि ती बाब म्हणजे खाडे.

खाडा म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. गडी ज्या दिवशीं कामावर आला नाहीं, त्या दिवसापुढें मालक वहींत फुली मारतो. सालअखेर फुल्या मोजावयाच्या आणि तितक्या दिवसांची रक्कम कापावयाची, किंवा साल संपल्यावर गड्यानें तितके दिवस भरून द्यावयाचे, अशी वहिवाट आहे. कोठें कोठें गड्याच्या स्वतःच्या रोजाप्रमाणें कपात न करितां बदली माणसाला जी मजुरी द्यावी लागली ती कापतात. आणि सुगीच्या दिवसांत ही मजुरी गड्याच्या रोजाहून बरीच अधिक असते. ही वहिवाट मीहि आजपर्यंत निमूटपणें पाळीत आलों. ती न्यायाची आहे किंवा नाहीं, हा प्रश्न माझ्या मनांत गेल्या पाडव्यापर्यंत कधीं आला नव्हता. तो कसा आला, हें प्रथम सांगतों.

गेल्या वर्षीं मी महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झालों. सरकारी नोकराला वर्षास ३० दिवस अर्जित रजा मिळते, आणि न घेतलेली रजा खात्यावर सांठत जाऊन ३०० दिवसांपर्यंतच्या शिलकेचे पैसे निवृत्तीच्या वेळीं रोख मिळतात. मला ते मिळाले. म्हणजे जे दिवस मी घरीं बसलों नाहीं, त्या दिवसांच्या रजेचा पगार मला सरकारनें दिला. ही रक्कम बँकेंत जमा झाली त्याच महिन्यांत पाडवा आला. माझी वडिलोपार्जित अकरा एकर जमीन आहे, तीस विहिरीचें पाणी आहे, आणि एक सालगडी आहे. त्याचें साल १,२०,००० रुपयांचें होतें. मीं वही काढली. वहींत १७ फुल्या होत्या. १,२०,००० भागिले ३६५, म्हणजे रोज ३२८ रुपये ७७ पैसे. त्याच्या १७ पट ५,५८९ रुपये. ती रक्कम मीं बाकींतून वजा केली आणि त्याला वाचून दाखविली.

कारकुनीच्या संवयीमुळें माझ्या वहींत शेवटीं 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. गड्यानें तो रकाना वाचावयास सांगितलें. नऊ फुल्यांपुढें 'ताप' असें लिहिलें होतें. तिघांपुढें 'मुलीचें बाळंतपण, तालुक्याचा दवाखाना'. दोहोंपुढें 'आईचें दिवसकार्य'. उरलेल्या तिहींपुढें 'जत्रा'. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊसाहेब, कचेरींत असतांना तुम्हांला ताप आला, तर तुमचाबी खाडा पडत होता का?" त्याच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती, त्याला खरोखरच माहीत करून घ्यावयाचें होतें. मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. तो हिशोब मीं आठ दिवस तसाच ठेविला आणि या विषयावर जें कांहीं वाचावयास मिळालें तें वाचलें. पुढील मजकूर त्यांतूनच निघाला आहे.

पगारी रजा ही कल्पना आपल्याकडे अगदींच परकी आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. शुक्रनीतींत राजानें आपल्या सेवकांस वर्षांतून पंधरा दिवसांची मोकळीक द्यावी, असें सांगितलें आहे. त्या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, आणि तेथें विचार राजसेवकांचा आहे, नांगऱ्याचा नाहीं. तरी चाकराचें वर्ष ३६५ दिवसांचें धरूं नये, ही जाणीव इंग्रजी कायद्याबरोबर प्रथम आली असें म्हणतां येत नाहीं.

खुद्द आपल्या शेतकऱ्यांच्या रिवाजांतहि ती आहे. पुष्कळ गांवांत अमावास्येला औत धरीत नाहींत. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवणें हें पाप समजतात. त्याला न्हाऊ घालून, खांदे मळून, पुरणाची पोळी चारतात. उन्हाळ्यांत नांगरट आटोपल्यावर बैल दावणीला उभा असतो, तेव्हां त्याची वैरण कोणी कापीत नाहीं. काम नसलें तरी पोट आहे, हें आपण जनावराच्या बाबतींत न शिकवितां जाणतों. आतां पोळ्याच्या दिवशीं गडी काय करीत असतो तें पाहा. बैल नदीवर नेणें, धुणें, शिंगें रंगविणें, झुली घालणें, मिरवणूक, आणि रात्रीं पुन्हा दावणीला बांधून वैरण टाकणें, हें सर्व तोच करितो. बैलाच्या सुटीचा दिवस हा सालगड्याचा वर्षांतील सर्वांत कष्टाचा दिवस असतो. माणसाची तुलना बैलाशीं केली म्हणून कोणी रागावूं नये. मला इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, या तुलनेंत माणूस खालीं राहिला आहे.

गिरणी-कारखान्यांतील माणसालाहि रजा आयती मिळालेली नाहीं. मुंबईच्या गिरण्या पूर्वीं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत, आणि आठवड्याची म्हणून ठरलेली सुटी नसे. पुणें, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतून जमीन अपुरी पडली म्हणून गेलेले आपलेच भाऊबंद तेथें काम करीत होते. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्यांत रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा आणि पगार वेळेवर मिळावा, अशा मागण्या होत्या. पुढें १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हीहि गोष्ट कामगारांच्या मनांत होती. परंतु ही सुटी विश्रांतीची होती, पगाराची नव्हती. रोजावर किंवा नगावर काम करणाराच्या पदरांत त्या दिवसाचें कांहींच पडत नसे.

विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचें वेतन, या दोन गोष्टींमध्यें पुढें पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. १९३६ सालीं फ्रान्सांत सर्व कामगारांना वर्षाकाठीं दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानें मिळाली. त्याच वर्षीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें एक वर्ष नोकरी झालेल्या कामगारास निदान सहा दिवसांची पगारी रजा असावी, असा करार केला. त्यांत उद्योग व व्यापार होता, शेती नव्हती. इंग्लंडांत १९३८ च्या कायद्यानें शेतमजुरांचें वेतन ठरविणाऱ्या समित्यांना आठवडाभरापर्यंत पगारी सुटी ठरविण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीनें कारखान्यांतील प्रौढ कामगारास वर्षास १० दिवस मिळाले, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टानें दर २० दिवसांच्या कामास १ दिवस असें प्रमाण बसविलें. पुढें १९५१ सालीं चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांतील मजुरांस हेंच प्रमाण लागू झालें. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चहाचा मळा ही शेतीच आहे. तेथेंहि पाऊस आहे, पानें खुडण्याची घाई आहे, रोग आहे. तेथें रजा चालते, आणि ज्वारीच्या शेतांत ती चालणें निसर्गतःच अशक्य आहे, असें म्हणणें टिकत नाहीं. फरक निसर्गाचा नसून मालकाच्या ऐपतीचा आणि मजुरांच्या संख्येचा आहे. १९५२ सालीं जिनीव्हाला शेतमजुरांच्या पगारी रजेसाठीं स्वतंत्र करारहि झाला.

मग आमच्या सालगड्याला आज कायद्यानें हक्क आहे काय? २०२० सालीं संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयींच्या संहितेंत, पूर्वीं असलेली २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणून, दर २० दिवसांस १ दिवस हेंच प्रमाण कायम ठेविलें आहे. परंतु ती व्यवस्था १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांकरितां आहे. एक-दोन गडी ठेवणारा शेतकरी तिच्या बाहेर राहतो. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदांत मात्र, शेतीवरील असो वा उद्योगांतील असो, सर्व कामगारांना निर्वाहापुरतें वेतन आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा म्हणून राज्यानें प्रयत्न करावा, असें म्हटलें आहे. शेतीचें नांव तेथें स्पष्ट घातलेलें आहे. पण हें राज्यास केलेलें मार्गदर्शन आहे. त्याच्या आधारें माझ्या गड्याला माझ्यावर दावा करितां यावयाचा नाहीं. सारांश, तालुक्याला जाऊन कोणी माझी तक्रार केली असती तर माझें कांहीं बिघडलें नसतें. इतकी वर्षें कचेरींत काढल्यावर एवढें मला समजतें. बिघडलें नसतें म्हणून तें बरोबर होतें, असें मात्र मला आतां म्हणवत नाहीं.

आतां आपल्या बाजूचें म्हणणें घ्यावयास पाहिजे, कारण मीहि त्याच बाजूचा आहें. शेतकऱ्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, आम्हांला स्वतःला कोठें रजा आहे? हें खरें आहे. दुभतें जनावर रविवार पाळीत नाहीं, आणि पंपाची वीज रात्रीं आली तर रात्रीं दारें धरावीं लागतात. परंतु मालक आपल्या शेतांत राबतो तेव्हां पीक त्याचें असतें, आणि चांगल्या सालाचा लाभहि त्याचाच असतो. गड्याचें साल ठरलेलें असतें. कापसाला भाव आला म्हणून तें वाढत नाहीं. त्यामुळें मालकाच्या बिनरजेची आणि गड्याच्या बिनरजेची बरोबरी होत नाहीं.

दुसरें म्हणणें असें कीं, गडी उचल घेऊन निघून जातात, साल मोडतात, आणि ज्याला सवलत द्यावी तोच फसवितो. असे अनुभव मलाहि आले आहेत, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांस उपदेश करण्याचा अधिकार मला नाहीं. पण उचल बुडविणें हा एक प्रश्न आहे आणि तापांत पडणें हा दुसरा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढल्यानें उचल वसूल होत नाहीं. उलट माझें निरीक्षण असें आहे कीं, ज्या घरीं खाडे कडक मोजतात, त्या घरचा गडी आजारपणांत उचल वाढवितो, आणि उचल फार वाढली म्हणजेच पळून जाण्याचा विचार त्याच्या मनांत येतो.

तिसरें म्हणणें पैशाचें, आणि तेंच खरें वजनदार आहे. शेतमालाचा भाव आपल्या हातीं नाहीं, आणि खत, मजुरी, डिझेल यांचा खर्च दरसाल चढता आहे. अशा स्थितींत रजेचा बोजा कोठून उचलावा? म्हणून मीं कारकुनी पद्धतीनें हिशोब मांडला. गड्याचें साल आपण ठरवितों तेव्हां तें पूर्ण देण्याच्या तयारीनेंच ठरवितों. म्हणजे रजेच्या दिवसाचें त्याचें वेतन हा नवा खर्च नव्हे. नवा खर्च म्हणजे त्या दिवशीं लावलेल्या बदली माणसाची मजुरी, तीहि माणूस लावावा लागला तर. माझ्या १७ खाड्यांपैकीं बदली माणूस मीं फक्त ५ दिवस लावला होता, रोज ५०० रुपये प्रमाणें २,५०० रुपये. उरलेले बारा दिवस मीं, माझ्या मुलानें किंवा शेजाऱ्यानें गुरांचें वैरण-पाणी पाहिलें. असें असतां मीं कापले ५,५८९. म्हणजे गड्याच्या तापांत माझा ३,०८९ रुपयांचा फायदा झाला. हा आंकडा कागदावर उतरल्यावर मला तो बराच वेळ पाहवेना.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ३६५ दिवसांतून १७ वजा जातां गड्याचें प्रत्यक्ष काम ३४८ दिवस भरतें. कारखान्याच्या प्रमाणानें त्याला २० नें भागिलें असतां १७ दिवसांची रजा येते, वर अपूर्णांक राहतो. म्हणजे तोच माणूस तितकेच दिवस एखाद्या मोठ्या कारखान्यांत कामाला असता, तर त्याचा एकहि दिवस कापला गेला नसता. शिवाय आठवड्याच्या सुट्या निराळ्या. मी कचेरींत होतों तेथें २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा झाला. त्याच्या वर्षांत शनिवार-रविवार असे दिवस नाहींतच.

येथें ऊसतोडीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण खाड्याचें सर्वांत कठोर रूप तेथें दिसतें. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीं घेतलेली असते, आणि ती टनांवर फेडावयाची असते. एक दिवस जोडप्यापैकीं एकजण पडून राहिलें, तर तोड तर बुडतेच, वर खाड्याचा दंडहि बसतो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत आला. त्या जिल्ह्यांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचें सरकारनें सांगितलें, आणि चौकशीसाठीं समिती नेमली. त्या सर्वच शस्त्रक्रियांचें कारण खाडा होतें, असें म्हणणें चुकीचें होईल. वैद्यकीय कारणेंहि असतात, आणि खाजगी दवाखान्यांच्या लोभाविषयींहि बोललें गेलें. पण पाळीच्या दिवसांत काम बुडतें आणि दंड भरावा लागतो, असें त्या स्त्रियांनीं स्वतः सांगितलें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचा ऊस त्याच हातांनीं तुटून जातो. मालक मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. आणि फडांतल्या बाईला कोणीच 'आज राहूं दे' असें म्हणत नाहीं.

रोजंदारीच्या मजुरांचा प्रश्न निराळा आहे. ते आज माझ्याकडे, उद्यां दुसऱ्याकडे. त्यांची रजा कोणाच्या वहींत मांडावयाची? बाजाराचा दिवस त्यांनीं पूर्वींपासून मोकळा ठेविला आहे, आणि त्या दिवशीं निंदणीला बाया मिळत नाहींत अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्यांत शेतीचा समावेश होता, आणि सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस व त्याचा मोबदला ठरविण्याची तरतूदहि होती. पण ती खेड्यांत कोठें अमलांत आलेली मीं तरी पाहिली नाहीं. त्याविषयीं पुन्हा केव्हां तरी लिहीन. सालगड्याची गोष्ट सोपी आहे, कारण त्याचा मालक एक आहे, वर्ष एक आहे, आणि वही एक आहे.

नव्या सालाची बोली करितांना मीं जें ठरविलें तें येथें देतों; कोणाला कमीजास्त वाटल्यास त्यांनीं जरूर लिहावें. वर्षांतून १५ दिवस गड्याची रजा, पगार न कापतां. त्याशिवाय आजारपणाचे ७ दिवस, दवाखान्याचा कागद दाखविल्यास. पेरणीचे आणि मळणीचे मिळून सुमारें दीड महिना, तो वगळून रजा केव्हांहि घ्यावी, पण दोन दिवस आधीं सांगावें. मयत किंवा बाळंतपण असेल तर सांगण्याची अट नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं सुटी, ती या पंधरांत धरावयाची नाहीं. रजा न घेतल्यास शिल्लक दिवसांचे पैसे सालअखेर बाकींत मिळवावयाचे. हें शेवटचें कलम घालतांना घरांतून विरोध झाला. रजा घेतली तर घेतली, न घेतली तर तिचे पैसे कशाला, असें आमच्या घरचें म्हणणें पडलें. मीं त्यांस माझ्या ३०० दिवसांची आठवण दिली, तेव्हां विषय मिटला. हीं कलमें वहीच्या पहिल्या पानावर लिहिलीं, गड्याच्या मुलाकडून मोठ्यानें वाचवून घेतलीं, आणि खालीं दोघांनीं सह्या केल्या. मागील सालाची ५,५८९ ची कपात रद्द करून ती रक्कम त्याच्या बाकींत जमा केली.

खर्चाचा अंदाज असा. पंधरा दिवस पेरणी-मळणीच्या बाहेर पडले, तर त्यांपैकीं पांच-सहा दिवस बदली माणूस लागेल, आणि तितक्या दिवसांस अडीच ते तीन हजार रुपये जातील. ज्यांची जमीन दोन-तीन एकर आहे त्यांच्याकडे सालगडी नसतोच. ज्यांच्याकडे दोन गडी आहेत त्यांनीं एकाआड एक रजा दिली, तर बदली माणसाचा खर्च जवळजवळ पडणार नाहीं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनीं सावडीनें एकमेकांच्या गोठ्याचें वैरण-पाणी पाहावयाचें ठरविलें, तर तेंहि जमण्यासारखें आहे. पूर्वीं बैलांची सावड होती. आतां ट्रॅक्टर आल्यानें ती मोडली, पण सावडीचा शब्द गांवांत अजून कोणी विसरलेलें नाहीं.

माझ्या एका स्नेह्यांनीं मला विचारलें कीं, तुम्ही रजा देऊं लागलांत म्हणजे उद्यां आमचेहि गडी मागतील, त्याचें काय? मागतील यांत शंका नाहीं. त्यांच्या गड्यानें आखाडांतच मागितली, आणि त्यांनीं ती चार दिवसांची दिली. पगार कापला कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. हें लिहीत असतां माझ्या वहींत आठ दिवस रजा खर्ची पडली आहे. तीन दिवस जेजुरीला, दोन दिवस मुलीच्या सासरीं, आणि तीन दिवस तो नुसताच घरीं होता. त्या तीन दिवसांपुढें शेरा काय लिहावा, असें मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "घरीं होतों, असंच लिवा." तसें लिहिलें आहे.